१ नोव्हेंबरला काळी फीत, २६ जानेवारीला तिरंगा

पुण्याचा माझा मावसभाऊ दर दिवाळीला फोन करतो आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतो. गेल्या खेपेस म्हणाला, "तुम्ही बेळगाववाले १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून सायकल फेरी काढता आणि २६ जानेवारीला खिशाला तिरंगा लावून मैदानावर हजर असता. एक काय ते ठरवा की रे."

तो चेष्टेत बोलतो. पण मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो, आणि नववीतली पोरं हाच प्रश्न अजिबात चेष्टा न करता विचारतात. कन्नड शेजारी विचारतात तेव्हा सूर आणखी निराळा असतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट उकलून लिहावं.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी इथे कन्नड माणसं राज्योत्सव करतात, लाल-पिवळे झेंडे लागतात, मिरवणुका निघतात. हा भाग महाराष्ट्रात जावा असं म्हणणारी मराठी माणसं बरीच, ती तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. एकाच रस्त्यावर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. बेळगावकराला यात नवल वाटत नाही, पाहुण्याला वाटतं.

प्रश्नाचं उत्तर मला आजीच्या गोष्टीतून सांगायला सोपं जातं. आजी शहापुरात, म्हणजे आजच्या बेळगाव शहरातल्याच एका भागात जन्मली, तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, ती मुंबई प्रांतात आली. १९५६ ला म्हैसूर राज्यात. १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. इतक्या राज्यांत ती राहिली, पण घर आयुष्यात एकदाच बदललं, तेही लग्न होऊन, शहापुरातच दोन गल्ल्या पलीकडे. राज्यघटना आल्यापासून एक गोष्ट मात्र तिची कधीच बदलली नाही, ती म्हणजे नागरिकत्व. ती भारताची नागरिक होती. म्हैसूरची नाही, कर्नाटकाची नाही आणि महाराष्ट्राचीही नाही.

हे कुणाचं मत म्हणून सांगत नाही, घटनाच तशी आहे. अमेरिकेत माणूस देशाचा नागरिक असतो आणि ज्या राज्यात राहतो त्या राज्याचाही. आपल्याकडे हे दुहेरी नागरिकत्व मुद्दाम ठेवलेलं नाही. 'कर्नाटकाचा रहिवासी' असतो, 'कर्नाटकाचा नागरिक' असा कुणी नसतो. राज्याचे कायदे पाळायचे, कर भरायचे, राज्याच्या नोकरीत असाल तर कामात इमान ठेवायचं. निष्ठा म्हणून जी गोष्ट आहे ती मात्र एकाच जागी द्यायची, देशाला आणि त्याच्या घटनेला.

यापुढची पायरी अशी. राज्याची हद्द ही घटनेने दगडावर कोरलेली गोष्टच नाही. कलम ३ वाचा. नवं राज्य करणं, असलेल्या राज्याची हद्द वाढवणं, कमी करणं, नाव बदलणं, हे सगळं संसद साध्या बहुमताने करू शकते. ज्या राज्याची हद्द बदलणार त्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बांधील नसतं. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं होतं, तरी तेलंगणा झालंच. तेव्हा "आमचा भाग त्या राज्यात घाला" असं म्हणणारा माणूस घटनेतलंच एक कलम वापरा म्हणतो. "आमचा भाग देशातून काढा" ही निराळी गोष्ट, तिला घटनेत जागा नाही. या दोन मागण्या एका तागडीत टाकणारे लोक आमच्याकडे दोन्ही बाजूंना आहेत, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

वादाचा इतिहास लांबलचक आहे, मी इथे उगाळत बसणार नाही. केंद्राने १९६६ ला नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ ला अहवाल दिला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव शहर आहे तिथेच. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, कर्नाटक म्हणतं तोच अखेरचा. २००४ ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, कलम १३१ खाली. दोन राज्यांचं किंवा राज्याचं आणि केंद्राचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची वाट म्हणजे हे कलम. दावा कोण जिंकेल यावर माझ्या वर्गात पैजा लागतात. मी एवढंच सांगतो की कोर्टात गेलेलं भांडण हे घरातलं भांडण असतं. घर सोडून चाललेला माणूस त्याच घराच्या कोर्टात जात नाही.

एक वाक्य इथल्या प्रत्येक भाषणात ऐकू येतं, बाबासाहेब आंबेडकरांचं. आपण आधी भारतीय, शेवटीही भारतीय आणि भारतीयांखेरीज दुसरं काही नाही, अशा अर्थाचं. कन्नड व्यासपीठावर ऐकलंय, मराठी व्यासपीठावरही ऐकलंय. ते कुठे बोलले होते हे मात्र कुणी सांगत नाही. ते बोलले मुंबईच्या विधिमंडळात, एप्रिल १९३८ मध्ये, आणि विषय होता वेगळा कर्नाटक प्रांत करावा का! बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे देशभर फिरलेलं हे वाक्य एका अर्थी आमच्याच भागाच्या वादातून निघालं. बाबासाहेब त्या ठरावाच्या विरोधात होते. भाषेची किंवा प्रांताची निष्ठा भारतीय म्हणून असलेल्या निष्ठेशी स्पर्धा करायला लागली तर काय होईल, ही त्यांची काळजी होती. भाषेवर प्रेम करू नका असं ते म्हणाले नव्हते. पुढे १९५५ मध्ये त्यांनी भाषावार राज्यांवर सविस्तर लिहिलं, आणि एका राज्याची भाषा एकच असावी असं मत मांडलं. माणूस विचार करत राहतो. एका वाक्याचा फलक करून त्याला भिंतीला टांगणं हे आपण करतो.

आता देश आणि सरकार. हा फरक तसा सोपा, पण लोक तोच पहिल्यांदा विसरतात. सरकार पाच वर्षांसाठी असतं, ते आपण नेमलेलं असतं. सरकारवर कडक टीका केली म्हणजे राजद्रोह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ ला केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलं. हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता मोडण्याचा हेतू असेल तरच तो गुन्हा. राजद्रोहाचं ते जुनं कलम २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने थांबवून ठेवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम १५२ मध्ये शब्द बदललेत, पण सरकारवरची टीका म्हणजे गुन्हा नव्हे हे तिथल्या स्पष्टीकरणात आहे.

राष्ट्रगीताचंही असंच. १९८५ ला केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती मुलं राष्ट्रगीत सुरू असताना नीट उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. न्यायालयाने १९८६ ला त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गाण्याची सक्ती करता येत नाही. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं खूश होतात. त्यांची अडचण श्रद्धेची नसते, आवाजाची असते. तरी एक गंमत त्यांना दाखवतोच: त्या गीतात 'मराठा' आणि 'द्राविड' हे दोन शब्द एकमेकांना खेटून येतात. सीमा नेमकी कुठली हे तिथेही सांगितलेलं नाही.

निषेध आणि नागरिकत्व एका जागी कसे बसतात, याचं आमच्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९९६ ची लोकसभा निवडणूक. मी तेव्हा कॉलेजात होतो. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून ठरलं की मिळेल त्या मराठी माणसाने अर्ज भरायचा. आमच्या गल्लीतला शिंपी उमेदवार झाला. त्याला निवडून यायचं नव्हतं, प्रचारही केला नाही, दुकानही बंद ठेवलं नाही. अखेर बेळगाव मतदारसंघात उभे राहिले ४५६ उमेदवार. मतपत्रिका तेव्हा कागदी. निवडणूक आयोगाला घाम फुटला असणार. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, तिथला प्रश्न फ्लोराइडच्या पाण्याचा. तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला तर १,०३३.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात दगड नाही, जाळपोळ नाही. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये होती. ती बुडणार हे ठाऊक असूनही भरली. यंत्रणेचेच नियम पाळून यंत्रणेला अडचणीत आणलं. शेकडो माणसांनी त्यासाठी निवडणुकीचा अर्ज भरला, शपथ घेतली, छाननीला हजर राहिले. निवडणुकीवर बहिष्कार टाकणं यापेक्षा सोपं होतं.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मतदान करवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे हाल झाले, म्हाताऱ्या मतदारांना त्या गर्दीत आपलं चिन्ह शोधणं अवघड गेलं. मग त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. लोकसभेची अनामत १०,००० रुपये केली (आता ती २५,००० आहे) आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार) लागतील असं ठरवलं. लोकांनी नियमात राहून जोर लावला, संसदेने नियमात राहून दार थोडं बंद केलं. आमचा शिंपी म्हणतो, "आम्ही कायदा बदलायला लावला गा." तो म्हणतो त्या अर्थाने नाही, पण तसं ते खरंच आहे.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे बस. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५, दोन्ही वेळा भाषेच्या भांडणातून बसगाड्यांना काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांमधल्या फेऱ्या थांबल्या. महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं दवाखान्याला बेळगावात येतात, कर्नाटकातल्या निपाणीची पोरं शिकायला कोल्हापुरात जातात. काळं कुणाच्या तोंडाला फासलं ते बघा. १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा आहे, त्यात सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाची नासधूस केली तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राच्या बसची काच कर्नाटकात फुटली किंवा कर्नाटकाच्या बसची महाराष्ट्रात, कायदा एकच.

इथे आपण मूलभूत कर्तव्यांपाशी येतो. घटनेत ती मुळात नव्हती. १९७६ ला, आणीबाणीत, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीवरून ४२ वी दुरुस्ती झाली आणि कलम ५१क मध्ये दहा कर्तव्यं आली. (ज्या काळात हक्क गोठवलेले होते त्याच काळात कर्तव्यं लिहिली गेली, हे मला नेहमी खटकतं. पण यादी वाचली तर यादी वाईट नाही.) अकरावं २००२ चं, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं, ते पालकांवर आहे.

शाळेत पोरं ही अकरा पाठ करतात आणि विसरतात. सीमाभागात दोनच नीट लक्षात ठेवली तरी पुष्कळ. एक, धर्म, भाषा, प्रदेश यांतले भेद ओलांडून बंधुभाव वाढवणं. 'भाषा' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. दुसरं, सार्वजनिक मालमत्ता जपणं आणि हिंसा टाळणं. म्हणजे बसच.

यादीत काय नाही तेही बघण्यासारखं. मतदान नाही. कर भरणंही नाही, समितीने सुचवलं होतं पण गाळलं गेलं. कर भरायची सक्ती अर्थातच दुसऱ्या कायद्यांनी आहे, मतदानाची कुठेच नाही. आणि ही कर्तव्यं थेट कोर्टातून लागू करता येत नाहीत. शेजारी बंधुभाव वाढवत नाही म्हणून त्याच्यावर दावा लावता येत नाही.

मग सक्ती नसेल तर कर्तव्याला अर्थ काय? हा प्रयोगही बेळगावात होऊन गेलाय. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनात. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, मॉर्निंग वॉकवाले तिथेच टेकतात. त्या अधिवेशनात ठरलं की काँग्रेसचं सभासद व्हायचं तर चार आणे चालायचे नाहीत, महिन्याला २,००० वार सूत द्यायचं. भाषण करून चालणार नाही, सूत मोजून दाखवा. कल्पना मला आजही चटका लावते, देशभक्ती वारांत मोजायची! पण ती टिकली नाही. ज्यांना कातायचं नव्हतं त्यांना दुसऱ्याकडून सूत घेऊन देण्याची मुभा आधीच ठेवावी लागली होती, आणि १९२५ च्या सप्टेंबरात अटच सैल झाली, सूत नको तर पैसे द्या. खुद्द गांधीजींना जे जमलं नाही ते बाकीच्यांना परिपत्रक काढून जमेल असं मला वाटत नाही.

आता भाषेचा प्रश्न. इथे आमची मराठी माणसं, मी धरून, जरा कमी पडतात असं माझं मत आहे. घटनेचं कलम ३५०क राज्याला सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून घेण्याची सोय करा. हे कलम १९५६ चंच, राज्यं भाषेवर पाडली तेव्हाच मागे राहणाऱ्यांसाठी घातलेलं. जुना ठरलेला निकष असा की वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची असली तर सोय व्हावी. तसंच, ज्या भागात एखाद्या भाषेची माणसं १५ टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेतही निघाव्यात. भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नावाचं पद कलम ३५०ख मध्ये आहे, तो राष्ट्रपतींना अहवाल देतो. आणि २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, कर्नाटकाच्याच खटल्यात, सांगितलं की प्राथमिक शाळेत मूल कुठल्या माध्यमात शिकेल हे पालक ठरवतील, राज्य लादू शकत नाही.

हे सगळं कागदावर आहे, आणि कागदावरची गोष्ट कागदानेच हलते. "मराठीत नोटीस देत नाहीत" असं कट्ट्यावर म्हणणारे ढीगभर, लेखी अर्ज करून पोच घेणारे हाताच्या बोटांवर. मराठी शाळा बंद पडतेय म्हणून मोर्चाला येणाऱ्यांत स्वतःचं पोर इंग्रजी शाळेत घातलेले किती, हे मी मोजायचं सोडून दिलंय. १० आणि ४० हे आकडे वर्गातल्या हजेरीचे असतात, मोर्चातल्या हजेरीचे नव्हेत.

आणि कन्नड? शिकावं. राज्याची राजभाषा आहे, पहाणी उतारा तिच्यात आहे, पंचायतीचा ठराव तिच्यात आहे. स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या शेतकऱ्याची फसवणूक सोपी असते. कन्नड शिकल्याने सीमाप्रश्नातली माझी बाजू एक तिळभर कमी झाली नाही. उलट महाजन आयोगावर शेजारच्या गौडांशी त्यांच्याच भाषेत भांडता येतं, ते जास्त मजेचं असतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत कर्नाटकातली कन्नड मुलंही आहेत, युद्धघोष सगळ्यांचा एकच, शिवाजी महाराजांचा. भाषा आली म्हणून माणूस दुसऱ्याचा होत नाही, हे तिथल्या हवालदाराला विचारलं तरी तो सांगेल.

राहिली रोजची कामं, ती पटकन सांगून टाकतो. मतदार यादीत नवं नाव घालायला फॉर्म ६, वगळायला ७, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला ८. अठरा पूर्ण झालेल्यांना आता वर्षातून चार तारखा मिळतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराला ३० दिवस. ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी, घरकुलाची यादी तिथेच ठरते, आणि ती वाचली जात असताना माणसं बाहेर चहाच्या टपरीवर सीमाप्रश्न सोडवत बसलेली असतात. खानापूरकरांनी एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवावी: लोकसभेला तुमचा मतदारसंघ उत्तर कन्नड आहे, बेळगाव नाही. तक्रार घेऊन भलत्याच खासदाराच्या दारात जाऊ नका, मी गेलोय.

आई गेल्या महिन्यात शहापुरातून आमच्याकडे टिळकवाडीत राहायला आली. तिचा फॉर्म ८ भरून ठेवलाय. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई कन्नड शाळेत शिकवतात, रविवारी येतो म्हणाल्यात. आईने त्यांच्यासाठी कुंदा आणून ठेवायला सांगितलंय.